मुठीवरचा निळा खडू

आज माझ्या हातात जे काही आहे ते माझ्या आत्यामुळं आहे. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढं बाकी काही राहून गेलं तरी हे राहायला नको. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घर मेंढरांचं. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन घाटाखाली उतरत आणि पावसाळ्याच्या तोंडाला उमरगा तालुक्यात मुरूमजवळच्या आमच्या गावी परत येत. आत्या तरुणपणीच कायमच्या माहेरी आल्या होत्या. त्या गावात मागं राहत आणि त्यांच्याबरोबर मी. मी सहा वर्षांचा असताना त्यांनी वडिलांना सांगितलं होतं, "मेंढरामागं चालणारे पाय आपल्या घरात लई झाले. याचे तेवढे माझ्याजवळ ठिवा." त्या एका वाक्यावर मी शाळेत गेलो आणि पुढं उमरग्याला राहून बी.एस्सी. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर.

आमच्या घरात संशय हा अवगुण मानला जात नसे. परक्याच्या रानात मेंढरं बसवणाऱ्या माणसाला तो लागतोच. डबक्यात कुणी औषध टाकलं का, कोकरू लांडग्यानं नेलं की लांडग्याच्या नावावर माणसानं नेलं, शेतमालक आज गोड का बोलतोय, हे रोजचे प्रश्न. आत्या घरात बसून हेच करत. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला त्या स्वतः उमरग्याला आल्या होत्या. क्लार्कनं मार्कलिस्ट पाहायला घेतली तेव्हा त्यांनी खिडकीच्या आत हात घातला आणि कागदाचं टोक धरून ठेवलं. क्लार्क म्हणाला, "मावशी, सोडा की, खातोय का मी?" आत्या म्हणाल्या, "तुमी वाचा. म्या धरते."

मी उमरग्याच्या वसतिगृहात गेलो तेव्हापासून दर महिन्याला त्यांना पत्र लिहितो. घरात मोबाइल आला तरी पत्र थांबलं नाही, कारण फोनमधल्या आवाजावर त्यांचा भरवसा नाही. "तूच बोलतूस कशावरून?" त्या विचारत. "आत्या, मीच बोलतोय." "चोर बी तेच म्हणंल की." त्या चौथीपर्यंत शिकल्या आहेत. अक्षराखाली बोट सरकवत वाचतात, आणि माझं अक्षर ओळखतात.

तर शहरातल्या मेट्रोत ट्रेन ऑपरेटरच्या प्रशिक्षणासाठी माझी निवड झाली आणि पत्र आलं, तेव्हा घरात आनंदाआधी चौकशी झाली. आत्यांनी ते पत्र शाळेच्या हेडमास्तरांना दाखवलं, मग पोस्टमनला, मग मुक्कामी एसटीच्या कंडक्टरला. तिघांनीही पत्र खरं आहे म्हणून सांगितलं. आत्यांचं समाधान झालं नाही. "तिघं आपसात बोलले असतील," त्या म्हणाल्या. "वळख न्हाय, पाळख न्हाय, आन् गाडी चालवाया देत्यात? कायतरी गोम हाय." मी निघालो तेव्हाही त्यांनी एवढंच सांगितलं, "डोळं उघडं ठिव. कुणी गोड बोललं की खिशाला हात लाव."

हे डोळे उघडे ठेवूनच मी प्रशिक्षण केंद्रात पोहोचलो.

आमचे प्रशिक्षक रेल्वेत आयुष्यभर इंजिन चालवून निवृत्त झालेले होते. उंच, वाळलेले, बोलायला कमी. आम्ही त्यांना सर म्हणत असू. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला मेट्रोच्या कॅबमध्ये नेलं आणि डाव्या हाताशी असलेला एक दांडा दाखवला. त्या दांड्याला मूठ होती. ती पुढं ढकलली की गाडी वेग घेते, मागं ओढली की ब्रेक लागतो. पण खरी गोष्ट पुढंच होती. गाडी चालू असताना ती मूठ सतत दाबून धरायची. हात सुटला की घंटी वाजते. घंटी ऐकूनही मूठ पुन्हा दाबली नाही, तर चालक बेशुद्ध पडला किंवा मेला असं समजून गाडी स्वतःच करकचून ब्रेक लावते. या व्यवस्थेला सगळे डेडमॅन म्हणतात.

सर म्हणाले, "गाडीचा तुमच्यावर विश्वास नाही, हे आजच समजून घ्या. तुम्ही जिवंत आहात की नाही हे ती दर क्षणाला विचारते."

मागून कुणीतरी विचारलं, "सर, मग आपण गाडीवर विश्वास ठेवायचा का?"

"तुम्हीही ठेवू नका."

मला ते फार पटलं. वाटलं, आपल्या घरातलंच कुणीतरी बोलतंय.

वसतिगृहात माझ्या खोलीत वर्ध्याकडचा एक मुलगा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पॉलिटेक्निक झालेला, सगळ्यांशी हसून बोलणारा. मला तो पहिल्या दिवसापासून 'मराठवाडा' म्हणत असे. "काय बे मराठवाडा, जेवला का?" तो माझ्यासाठी जेवणाचं ताट आणून ठेवायचा, माझ्या वह्या मागायचा, आपल्या वह्या न मागता द्यायचा. इतकं गोड बोलणारा माणूस आमच्या गल्लीत असता तर आत्यांनी दोरीवरची धुतलेली लुगडी आत घेतली असती. मी त्याच्याशी बोलायचो, पण कपाटाला कुलूप लावून.

दोन महिने वर्गात गेले. मग आम्हाला सिम्युलेटरवर बसवलं. सिम्युलेटर म्हणजे एका अंधाऱ्या खोलीत उभी केलेली खोटी कॅब. समोर पडद्यावर रूळ धावतात, खुर्ची हादरते, आवाज खऱ्यासारखे येतात. आत प्रशिक्षणार्थी एकटाच असतो. सर शेजारच्या खोलीत त्यांच्या संगणकासमोर बसतात, आणि आपण काय केलं, कधी केलं, ते सगळं तिथं नोंदलं जातं. कॅबच्या छतात एक कॅमेरा होता. तो चालू आहे की बिघडलाय याबद्दल आमच्यात दोन मतं होती; तो बिघडलेलाच होता हे पुढं कळलं.

पडद्यावरच्या त्या मार्गात एका बोगद्यात न्यूट्रल सेक्शन होता. न्यूट्रल सेक्शन म्हणजे वरच्या तारेचा असा छोटा तुकडा की ज्यात मुद्दाम वीज ठेवलेली नसते. दोन उपकेंद्रांची वीज एकमेकींत मिसळू नये म्हणून. गाडी तेवढा तुकडा आपल्या वेगावर पार करते. आमच्या सिम्युलेटरवर तिथं एसीचा आवाज बंद पडायचा, डोक्यावरचा दिवा विझायचा, काही क्षण नुसता अंधार आणि चाकांचा आवाज, आणि मग दिवा पुन्हा लागायचा.

माझ्या पहिल्या फेरीत तो दिवा लागला आणि घंटी वाजली.

मी दचकून मुठीकडं पाहिलं. माझा हात मुठीवरच होता. मी ती आणखी जोरात दाबली, घंटी थांबली, फेरी पूर्ण झाली. बाहेर आल्यावर सरांनी विचारलं, "हात का सोडला?"

"सोडला नाही, सर."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. न्यूट्रल सेक्शन संपला त्या जागी मूठ सुटल्याची नोंद होती. मी पुन्हा म्हणालो, "सर, मी हात सोडला नाही." सरांनी नोंदवहीत काहीतरी लिहिलं. त्यांनी काय लिहिलं असेल याचा विचार करत मी दिवस काढला.

दुसऱ्या फेरीत तेच. त्याच जागी, दिवा लागल्याबरोबर. तिसऱ्या फेरीतही तेच. आता सरांनी मला बसवून घेतलं. "मोबाइल आत नेता का?" नाही. "रात्री झोप होते का?" होते. "काही पिता?" माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. मी म्हणालो, "आमच्या घरात कुणी पीत नाही, सर." ते म्हणाले, "घरातल्यांना मी कॅबमध्ये बसवत नाहीये." मग त्यांनी सरळ सांगितलं. खऱ्या गाडीवर जाण्याआधी प्रत्येकाच्या चार फेऱ्या घंटीशिवाय व्हायला हव्यात. माझ्याकडं आठवड्याची मुदत आहे. तेवढ्यात झाल्या नाहीत तर माझं नाव वर कळवावं लागेल, आणि वरून माणूस परत घरी पाठवतात.

मी गावात काय तोंड दाखवणार होतो? हेडमास्तर, पोस्टमन, कंडक्टर, सगळ्यांना माझं पत्र पाठ होतं.

त्या रात्री मी बी.एस्सी.चं सगळं भौतिकशास्त्र आठवलं आणि एक कारण शोधून काढलं. आमच्याकडं गेलेली वीज परत येते तेव्हा एकदम दाबानं येते. त्या झटक्यात विहिरींवरच्या मोटारी जळतात, टीव्ही जातात. मला वाटलं, इथंही तसंच असणार. दिवा लागतो तेव्हाच घंटी वाजते, म्हणजे परत येणाऱ्या विजेनं मुठीखालचं बटण क्षणभर फसत असणार. सकाळी मी आकृती काढून ते सरांना दाखवलं. त्यांनी आकृती नीट पाहिली. मग म्हणाले, "सिम्युलेटरमध्ये तार नाही. वीज जात नाही, येत नाही. प्रोग्राम फक्त दिवा विझवतो. आणि बाकी अकरा जणांना ही घंटी ऐकू येत नाही."

बाकी अकरा जणांना. हे माझ्या डोक्यात राहिलं. मग फक्त मलाच का? कुणाला तरी मी नको होतो का?

माझ्या आधीची फेरी रोज माझ्या खोलीतल्या त्या मुलाची असे. त्याची झाली की जेवणाची सुटी, सुटीनंतर माझी. सुटीत सिम्युलेटरच्या खोलीला कुलूप नसे. एकदा सुटीत तो जेवणातून उठून तिकडं गेलेला मी पाहिला होता. विचारल्यावर म्हणाला, "पाण्याची बाटली राहिली होती ना बे." पॉलिटेक्निकमधल्या मुलाला एक स्क्रू ढिला करायला किती वेळ लागतो? मी त्याच्याकडं बघू लागलो. तो झोपला की त्याची बॅग बघू लागलो, उघडली मात्र नाही. एकदा तो म्हणालाच, "तू माह्याकडे असा काऊन पाहून राहिला? मी काय तुही म्हैस सोडली का?"

मी सरांकडं गेलो. नाव घ्यायचं धैर्य नव्हतं. मी म्हणालो, "सर, मुठीशी कुणीतरी खेळतंय असं मला वाटतं. माझ्या आधी आत कोण बसतं ते बघावं."

"तुमच्या आधी कोण बसतं हे मला माहीत आहे," सर म्हणाले. "तुम्हालाही माहीत आहे. पुरावा?"

"नाही, सर."

त्यांनी नोंदवही उघडली. मग म्हणाले, "आरोप केलाय तर आता तो मला तपासावा लागेल. तोवर तुम्हा दोघांचेही गुण राखून ठेवतो."

त्या मुलाच्या चारही फेऱ्या स्वच्छ झाल्या होत्या. खऱ्या गाडीवर जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव पहिलं होतं. संध्याकाळी ते यादीतून काढलेलं होतं. तो खोलीत येऊन माझ्या खाटेवर बसला. "काय झालं असंल बे? माहे मार्क काऊन अडकवले? सरांना विचारलं तर म्हणतात, कळेल." मी पुस्तकात डोकं घालून म्हणालो, "काही कागद राहिला असेल." त्यानं घरून आलेल्या डब्यातले लाडू काढले आणि दोन माझ्या पुस्तकावर ठेवले. मी ते खाल्ले नाहीत. त्या वेळी मला वाटलं होतं की मी सावध राहतोय.

आता मला पुरावा हवा होता, आणि पुराव्याची एक पद्धत मला माहीत होती. लहानपणी एकदा आमच्या कणगीतली ज्वारी कमी होऊ लागली तेव्हा आत्यांनी कणगीच्या झाकणाला कोरडं पीठ फासून ठेवलं होतं. ज्याच्या हाताला पीठ, तो चोर. दोन दिवस त्या शेजारणींच्या हातांकडं बघत होत्या. तिसऱ्या दिवशी झाकणावर उंदरांची पावलं निघाली.

वर्गात फळ्याखाली खडूंचा डबा असे. मी त्यातला एक निळा खडू घेतला आणि त्याची भुकटी कागदाच्या पुडीत करून ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याची फेरी संपली, सगळे जेवायला गेले. मी चटकन आत गेलो, अंधारात मुठीवर भुकटी चोळली आणि बाहेर येऊन हात धुतले. मूठ काळी होती. त्या अंधुक उजेडात तिच्यावर काही दिसत नव्हतं. मनात म्हणालो, आता तो आला, मुठीला हात लावला, की सापडला.

जेवताना मी त्याच्यासमोर बसलो. तो मधेच उठून गेला, परत आला. मी त्याच्या हाताकडं बघत होतो. त्याच्या बोटांना वरण लागलेलं होतं.

"हात दाखव," मी म्हणालो.

"काऊन?"

"असाच."

त्यानं दोन्ही पंजे माझ्यासमोर पसरले. "भविष्य पाहता येते का तुले? पाय मंग, लग्न केव्हा हाय माहं." वरण सोडलं तर पंजे स्वच्छ होते. आजूबाजूचे हसले. मला राग आला. तो सापडला नाही म्हणून राग आला, हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

तेवढ्यात सरांनी हाक मारली. माझी फेरी. मूठ पुसायला म्हणून मी लगबगीनं आत गेलो तर सर कॅबच्या दारातच उभे. "बसा," ते म्हणाले. मी बसलो, मूठ धरली, आणि गाडी सुरू केली. यावेळी मी हाताकडं लक्ष ठेवायचं ठरवलं होतं. पण समोर सिग्नल येत होते. मेट्रोत सिग्नल दिसला की त्याच्याकडं बोट करून त्याचा रंग मोठ्यानं म्हणायचा नियम आहे. ते करता करता बोगदा आला, दिवा विझला, दिवा लागला. घंटी वाजली.

मी बाहेर आलो. तो मुलगा भिंतीला टेकून उभा होता. माझ्याकडं बघून त्याचे डोळे बारीक झाले.

"कपाळाले काय फासून आला बे?"

"काय?"

"निळं. आत पूजा चालते का काय?"

मी न्हाणीघरातल्या आरशासमोर गेलो. माझ्या कपाळावर, दोन भुवयांच्या वर, निळ्या बोटांचे ठसे होते. डाव्या बाजूला गडद, उजव्या बाजूला थोडे फिके. दोन्ही हातांचे.

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या गावात वीज जायची आणि यायची. अंधारात बसलेलं असताना ती आली की गल्लीभर पोरांचा "आली, आली" असा ओरडा व्हायचा, आणि घरात आत्यांचे दोन्ही हात जोडून कपाळाला जायचे. बल्ब लागला काय, कंदील लागला काय, दिवा तो दिवा. माझे हात गेले नाहीत तर डोक्यात टपली बसायची. मी एकदा पुस्तक धरलेल्या हातानं नुसतं कपाळाला शिवून घेतलं होतं, तर म्हणाल्या, "एक हात मानसाला. दिव्याला दोन." पुढं टपलीची गरज राहिली नाही. वसतिगृहात, कॉलेजात, लग्नाच्या मांडवात, जिथं अंधारात दिवा लागला तिथं माझे हात आपोआप वर गेले असणार आणि मला कधीच कळलं नसणार. ज्या गावात सगळ्यांचेच हात वर जातात तिथं ते कोण कुणाला सांगणार?

मी कपाळ धुतलं नाही. तसाच सरांकडं गेलो. जाताना त्या मुलाला हाताला धरून नेलं, कारण एकट्यानं गेलो असतो तर अर्धंच सांगितलं असतं. मी सगळं सांगितलं. खडू, पीठ, दिवा, आणि मी कुणावर आरोप केला होता तेही. तो मुलगा माझ्याकडं बघत होता. त्याचा चेहरा मी पहिल्यांदाच हसू नसलेला पाहिला.

"म्हणजे तू," तो म्हणाला, आणि त्यानं आपला हात सोडवून घेतला. निघून गेला.

सर म्हणाले, "माझ्या नोकरीत मी बारा प्रकारच्या सबबी ऐकल्या. ही तेरावी."

"सर, खरं आहे."

"चला."

त्यांनी मला परत सिम्युलेटरमध्ये बसवलं आणि स्वतः मागं स्टूल टाकून बसले. न्यूट्रल सेक्शन आला. मी दात आवळून मूठ धरली. दिवा विझला, लागला, घंटी वाजली नाही. दुसऱ्यांदाही वाजली नाही. सर म्हणाले, "लक्ष आहे म्हणून राहतात. लक्ष नसेल त्या दिवशी?" आणि मग ते बोलायला लागले. इतक्या दिवसांत ते माझ्याशी कधी एवढं बोलले नव्हते. गाव कुठलं, तिकडं कानडी बोलतात का, मेंढरं कुठवर नेता, वाटेत पाऊस आला तर कोकरांचं काय करता. मी सिग्नल म्हणत होतो आणि उत्तरं देत होतो. म्हणालो, "कोकरं घोड्यावरच्या जाळीत घालतो, सर, आणि आई..."

घंटी वाजली. माझे दोन्ही हात कपाळाशी होते.

"दिसले," सर मागून म्हणाले. एवढंच. मग नोंदवही उघडून लिहू लागले, आणि या वेळी वही माझ्याकडं वळवली. त्यांनी लिहिलं होतं की यंत्रात दोष नाही, दुसऱ्या प्रशिक्षणार्थ्याचा काही संबंध नाही, त्याचे गुण आजच द्यावेत. आणि माझ्याबद्दल: या तुकडीबरोबर खऱ्या गाडीवर पाठवू नये, एक महिना अधिक सराव द्यावा, मग पुन्हा तपासावं. परत पाठवावं असं लिहिलेलं नव्हतं. मी ती ओळ दोनदा वाचली. संशयानं नव्हे, पण वाचली.

त्या महिन्यात त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली. ते म्हणाले, जुनी सवय काढता येत नाही, तिच्यावर दुसरी बसवावी लागते. दिवा विझायच्या आधी मी मोठ्यानं म्हणायचं, "वीज जाते, मूठ धरली." दिवा लागताना म्हणायचं, "वीज आली, मूठ धरली." तोंड कामात असलं की हात ऐकतो. मी ते शेकडो वेळा म्हटलं. खोलीत झोपेतही म्हणत होतो असं तो मुलगा नंतर म्हणाला. नंतर म्हणजे बऱ्याच दिवसांनी. पहिले आठ दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मी माफी मागितली तेव्हा त्यानं "ठीक हाय" म्हणून कूस बदलली. तो खऱ्या गाडीवर गेला त्या सकाळी मी त्याचे बूट पुसून ठेवले. ते त्यानं घातले आणि तो निघाला.

महिन्यानंतर मी पण गेलो. आज आम्ही दोघं एकाच मार्गावर गाड्या चालवतो. अजूनही जेवणाच्या सुटीत मी समोर आलो की तो डबा उघडण्याआधी दोन्ही पंजे माझ्यासमोर धरतो. "पाहून घे बे, साफ हायेत." सगळे हसतात, मीही हसतो. ते पंजे तो कधी खाली ठेवील असं मला वाटत नाही, आणि मी तशी मागणीही करणार नाही.

त्या जादा महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात, पुढं काय होणार हे माहीत नसताना, मी आत्यांना पाठवलेलं पत्र असं होतं:

"आत्यांना साष्टांग नमस्कार.

माझी तब्येत बरी आहे. जेवण मिळतं. या पत्रातली गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, तरी दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो.

माझी तुकडी खऱ्या गाडीवर गेली. मी मागं राहिलोय, एक महिना. मला काढलेलं नाही. चूक माझीच होती. गाडी चालवताना मूठ सोडायची नसते, आणि मी सोडत होतो. का सोडत होतो हे मलाच माहीत नव्हतं. बोगद्यात दिवा जाऊन परत आला की माझे हात जोडले जात होते. तुम्ही शिकवल्याप्रमाणं, दोन्ही.

हे कळायच्या आधी मी एका चांगल्या माणसावर आळ घेतला. तो माझ्या खोलीत राहतो. मला वाटलं, तो गोड बोलतो म्हणजे त्याच्या मनात काही आहे. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या घरून आलेले लाडू त्यानं मला दिले आणि मी ते शंकेनं टाकून दिले. आत्या, डोळे उघडे ठेवायला तुम्ही सांगितलं ते बरोबरच होतं. पण मी ते सगळे त्याच्याकडं लावले, स्वतःकडं एकही लावला नाही. तो माझ्याशी बोलत नाही. त्याचा काही दोष नाही.

आता तुम्हाला एक सांगायचं आहे. मी यापुढं गाडीत असताना दिव्याला हात जोडणार नाही. माझ्या मागच्या डब्यांत माणसं बसलेली असतील. त्यांना मी दिसत नाही. माझा हात मुठीवर आहे एवढ्यावरच ती निवांत बसलेली असतात. शहरात गेला आणि शिकवलेलं विसरला असं तुम्हाला वाटेल, तसं नाही. खोलीत दिवा लागला की मी अजून हात जोडतो. परवा त्या मुलासमोरच जोडले गेले. तो बघत होता, मग त्यानं तोंड फिरवलं.

तुमचं मन मानत नसेल तर तसं लिहा. मी वाचीन. पण गाडीत मी ते करू शकणार नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे मी तुमच्याशी खोटं वागलो असं व्हायला नको. संध्याकाळी तिकडं लाईट आली की तुमचे हात जोडून झाल्यावर पुन्हा एकदा जोडा. दुसऱ्यांदाचे माझ्या वाटचे समजा.

आई-वडील वाटेत कुठवर आले ते कळवा.

तुमचा भाचा"